दोघांपुरती गाडी

माणसाने आयुष्यात एक तरी गोष्ट केवळ ती सुंदर आहे म्हणून करावी, असं मेश्राम साहेब म्हणत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही दोघं सोसायटीच्या तुंबलेल्या गटारापाशी उभे होतो आणि साहेबांच्या हातात बांबू होता. त्यामुळे मी ते तत्त्वज्ञान समजून सोडून दिलं. ती पूर्वसूचना होती, आणि तिच्यात माझ्या गाडीचं पेट्रोल, माझे रविवार आणि माझी कंबर गृहीत धरलेली होती, हे पुढे कळलं.

विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीत साहेब तिसऱ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्यावर. ते मूळचे नागपूरचे. सरकारी नोकरीत अभियंता, काम पूल तपासण्याचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शर्ट खोचलेला, खिशाला पेन आणि पँटच्या उजव्या खिशात मोजायची पोलादी टेप. कुणाच्याही घरी गेले की सोफ्यावर बसण्याआधी तळहाताने दाबून पाहायचे. सोफा पास झाला तर बसायचे. आमचा झाला नाही. ते आमच्याकडे नेहमी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसत.

त्यांच्याकडे होकार आणि नकार या दोन्हींसाठी एकच शब्दप्रयोग होता. "तत्त्वतः मान्य." इमारतीला कोणता रंग द्यायचा यावर सभा झाली तेव्हा साहेब सेक्रेटरी होते. त्यांनी बदामी तत्त्वतः मान्य केला आणि पुढच्या सभेत राखाडीही तत्त्वतः मान्य केला. रंगारी दोन्ही सभांना हजर होता. आमची इमारत आजही पूर्वेकडून एका रंगाची आणि पश्चिमेकडून दुसऱ्या रंगाची आहे. पत्ता सांगायला सोपं जातं, एवढाच फायदा.

"मी पास केलेला एकही पूल आजवर पडलेला नाही," असं ते अभिमानाने सांगत.

"पास केला असता तर पडला असता," वहिनी आतून म्हणत.

वहिनी, म्हणजे सुशीलाताई मेश्राम, सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. पुण्यात निम्मं आयुष्य गेलं तरी बोलणं नागपूरचंच. आयुष्यभर वॉर्डात उभं राहून दोन्ही गुडघे गेले होते. इतरांच्या दुखण्याबद्दल त्यांना जेवढी माहिती होती तेवढीच स्वतःच्या दुखण्याबद्दल होती, आणि त्या दोन्हींबद्दल सारख्याच कोरडेपणाने बोलत. "उजवा गेला. डावा जायच्या तयारीत आहे. दोघांचं पटत नाही, पण जातील एकत्रच."

हॉलमध्ये तथागतांच्या तसबिरीखाली वहिनींची वेताची खुर्ची असे. उंच, सरळ पाठीची, हातांना भक्कम आधार असलेली. त्या खुर्चीत बसलं की त्यांना कुणाच्या मदतीशिवाय उठता येई. घरात दुसरं कुणी त्या खुर्चीवर बसत नसे.

एका सकाळी साहेब खाली आले. "जयभीम. चहा नको. मी एक गाडी घेतोय. जुनी. ब्रिटिश. स्पोर्ट्स. दोन सीटची."

मी सकाळचा पेपर खाली ठेवला.

"अट एकच आहे," ते म्हणाले, "आरामशीर पाहिजे. सुशीलासाठी. तुम्ही इंग्रजी वाचता, तुमच्याकडे चारचाकी आहे. चला."

या दोन पात्रतांवर माझी नेमणूक झाली. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीबद्दल मला काहीच माहिती नव्हती. वाचून एवढं कळलं की ती जमिनीपासून वीतभर उंच असते, पावसात गळते, उन्हात तापते, आणि तिच्यावर प्रेम करणारे लोक या तिन्ही गोष्टी तिचे गुण म्हणून सांगतात. कंपन्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. बहुतेक बंद पडल्या आहेत, आणि गेलेल्यांबद्दल मला वाईट बोलायचं नाही.

एवढ्या उशिरा हे खूळ कुठून आलं, असं मागे बसलेल्या वहिनींचा डोळा लागल्यावर मी वाटेत विचारलं. साहेबांनी आधी मागे वळून पाहिलं. मग सांगितलं. लग्न नवीन होतं. नागपुरात साहेब सायकलवर आणि वहिनी मागे कॅरियरवर. चौकात शेजारी एक छोटी, लाल, उघडी गाडी येऊन थांबली. आत एक जोडपं. बाईने डोक्याला रुमाल बांधला होता. "ती गाडी ज्या गिरणीमालकाची, त्याच गिरणीत आमचे बाबा साचा, म्हणजे माग, चालवायचे," साहेब म्हणाले. "सुशीला मागून म्हणाली, 'किती आरामात बसली आहे बाई.' मी तेव्हाच ठरवलं."

अशा गोष्टीवर विनोद करायला मला साधारण सिग्नल सुटेपर्यंतचा वेळ लागतो, आणि त्या दिवशी सिग्नल सुटूनही सुचला नाही.

पहिली गाडी लोणी काळभोरला होती. उसाच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये ताडपत्री, ताडपत्रीवर कोंबड्या. मालक अण्णांनी कोंबड्या हाकलल्या आणि ताडपत्री ओढली. खाली गर्द हिरवी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची गाडी. ती सुंदर होती हे मला मान्य करावं लागलं, आणि त्याने माझी चिडचिड वाढली. कुरूप असती तर आम्ही जेवायच्या वेळेला घरी आलो असतो.

साहेबांनी टेप काढली. सीटची उंची, दाराची रुंदी, पाय ठेवायची जागा. मग म्हणाले, "सुशीला, बैस."

वहिनींनी गाडीकडे पाहिलं. मग साहेबांकडे. मग साडी सावरून, दाराला धरून, स्वतःला आत सोडून दिलं. बसल्या असं म्हणता येणार नाही. विहिरीत पोहरा जातो तशा गेल्या.

"कसं वाटतंय?"

"आभाळ चांगलं दिसते जी."

साहेबांनी मान डोलावली. पंचाईत पुढे झाली. वहिनींना बाहेर येता येईना. गुडघे छातीशी आणि धरायला काही नाही. साहेबांनी एक हात धरला, मी दुसरा. अण्णा लांबून म्हणाले, "बसा की निवांत, काकी. घाई काय हाय?"

"घाई नाही हो भाऊ, पण रात्रीला इथंच राहायचं तर अंथरूण लागेल."

शेवटी त्यांनी स्वतःच ताबा घेतला. आवाज वॉर्डातला. "ओढू नका. पेशंट कधी ओढायचा नसतो. पाय आधी बाहेर. आता दोघं काखेखालून धरा. मी म्हणीन तेव्हा उचला. साहेब, गाडीकडे पाहू नका, माझ्याकडे पाहा. हं."

त्या बाहेर आल्या. साहेबांनी गाडीभोवती आणखी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "तत्त्वतः मान्य. पुन्हा पाहू."

दुसरी गाडी हिंजवडीत, एका तरुण आयटीवाल्याकडे. केस बांधलेले, चेहरा प्रसन्न. "अंकल, ही कार नाहीये. इमोशन आहे. यू नो, सोल आहे हिला."

"ब्रेक आहे का?" वहिनींनी विचारलं.

ही गाडी किंचित उंच होती, म्हणून चालवून पाहायचं ठरलं. साहेब चालवायला, वहिनी शेजारी, मी मागून माझ्या गाडीत. रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस सुटल्या होत्या. उघड्या बुटक्या गाडीचं छप्पर दुमडलेलं असलं की बसच्या धुराचा पाइप आणि आतल्या माणसाचं नाक एका पातळीत येतात, हे पुस्तकांत कुठे लिहिलेलं नव्हतं. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. साहेब थांबले, खाली उतरले, वाकून पाहिलं. टेप लावली. मागे बसेसचे हॉर्न.

"सुशीला," ते म्हणाले, "गतिरोधकापुरतं वजन कमी करावं लागेल."

"मग करा."

"म्हणजे तू उतर."

"मी वजन आहे काय?" वहिनी म्हणाल्या. "वजनच असतं तर तुम्ही एव्हाना उतरवलं असतं. मी बायको आहे. मला उतरवायला माणसं बोलवा."

बसमधली पोरं मोबाइलवर शूटिंग करत होती. एकाने ओरडून विचारलं, "काकू, मस्त ना?" वहिनींनी पदराने तोंडावरची काजळी पुसली आणि त्याला हात केला.

परतताना त्या माझ्या साध्या छोट्या गाडीत पुढे बसल्या. दार उघडलं, बसल्या, दार लावलं. "तुमच्या गाडीत कसं खुर्चीवर बसल्यासारखं वाटते," त्या म्हणाल्या. मी आरशात पाहिलं. मागे बसलेल्या साहेबांनी ते ऐकलंच नव्हतं. ते टेप पुसत होते.

अशा किती गाड्या पाहिल्या, ते मी मोजणं सोडून दिलं होतं. एकीत पाय मावत, तर डोकं छपराला लागे. एकीची सीट गादीसारखी होती, पण इंजिनाची सगळी उष्णता पायांशी येई. वहिनी म्हणाल्या, पाय शेकायला चांगली आहे, फक्त हिवाळ्यात घेऊन या. साहेब प्रत्येक गाडीला तत्त्वतः मान्यता देत आणि घरी येऊन म्हणत, "सुशीलाला त्रास होईल." आणि ते खरंच तिच्यासाठीच होतं, हीच त्यातली संतापजनक गोष्ट होती. स्वार्थी माणसाला निदान खडसावता येतं.

मग बाणेरला एक गाडी मिळाली. सगळ्यांत बरी. काळी, बंद छपराची, मऊ कातडी सीट, आणि सीट उंच. वहिनी आत बसल्या, बाहेर आल्या, पुन्हा बसल्या. कुणी हात धरला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणाल्या, "ही बरी आहे. हीच घ्या."

साहेबांनी पाठीमागे वाकून पाहिलं. "हिला मागे सीट आहे."

"मग?"

"मागे सीट असली की माणसं येतात. मी म्हटलं होतं, दोघांपुरती. ही नाही."

वहिनी बाहेर आल्या. माझ्या गाडीत येऊन बसल्या आणि विश्रांतवाडी येईपर्यंत समोर पाहत राहिल्या. मी कधी नव्हे ते आपणहून बोललो. म्हटलं, "साहेब, माणूस स्पोर्ट्स गाडीत आराम शोधतो तेव्हा त्याने दोन्हींपैकी एकाची व्याख्या सैल करावी."

"तुमचा मुद्दा तत्त्वतः मान्य," साहेब म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात वरून करवतीचा आवाज आला. सुतार आला असेल असं मला वाटलं. संध्याकाळी साहेबांनी हाक मारली, "या, दाखवतो." हॉलमध्ये वेताची खुर्ची होती, पण ती खाली बसल्यासारखी दिसत होती. साहेबांनी तिचे चारही पाय कापले होते. लोणीच्या हिरव्या गाडीच्या सीटची जी उंची, तीच आता खुर्चीची उंची. कापलेले तुकडे कडेला ओळीने मांडून ठेवले होते.

"गाडी उंच होत नाही," साहेब समजावत होते. "मग सवय खाली आणायची. रोज इथेच बसायचं, इथूनच उठायचं. महिनाभरात गुडघ्यांना वळण लागेल."

आयुष्यभर पूल तपासलेल्या माणसाला ही गोष्ट बरोबर वाटली. एक टोक खाली आहे, तर दुसरं टोक खाली आणा. मधल्या गुडघ्यांचा हिशेब कुणी केला नव्हता.

वहिनी इस्पितळातून आल्या. त्या डॉक्टरांना भेटायला गेल्या होत्या. पिशवी टेबलावर ठेवली, खुर्चीकडे पाहिलं, तुकड्यांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"तुम्ही माझी खुर्ची कापली."

"सरावासाठी, सुशीला."

"या घरात मला कोणाचा हात न धरता उठता येईल अशी एक जागा होती. ती कापली." त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. "आता ऐका. तुम्ही पण ऐका हो भाऊजी, साक्षीला. पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. त्यानंतर डॉक्टर म्हणतात, खाली बसायचं नाही. बुटक्या खुर्चीत नाही, बुटक्या गाडीत तर नाहीच. कधीच नाही. म्हणजे तुमच्या गाडीत आता बसली तर बसली, नाही तर मग कधीच नाही."

साहेब उभेच होते. "पण अजून पक्की निवड…"

"काहून झाली नाही? चौकातली ती गाडी धरून बसले तुम्ही. मी काय म्हटलं होतं तेव्हा? बाई आरामात बसली आहे, म्हटलं. कारण तुमच्या सायकलीच्या कॅरियरची सळई मला टोचत होती. कॅरियरला एक गादी बांधली असती तरी भागलं असतं."

साहेबांनी खिशातली टेप काढली, पाहिली, परत ठेवली. मी निघालो, आणि कुणी थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या दारात. जिना उतरायला त्यांना वेळ लागला असणार, कारण घाम आला होता. "लोणीला चला. साहेब खाली गाडीपाशी उभे आहेत, त्यांना सांगितलं नाही कुठं जायचं ते."

"वहिनी, त्या हिरव्या गाडीतून तुम्हाला आम्ही दोघांनी उचलून काढलं होतं."

"माहीत आहे मला. तुम्ही कंबर मोडून घेतली होती."

"मग काळी का नाही? तिच्यात तुम्ही आरामात होता."

"मी होती. हे नव्हते ना." त्या कठड्याला टेकल्या. "हा माणूस इतकी वर्षं मनात एक चित्र घेऊन फिरून राहिला. त्यात मी आहे. आता मीच नाही बसली तर तिथं काय दुसरी बसवायची? एकदा बसते. मग डॉक्टरला देते गुडघे. आणि त्यांच्यानं होय म्हणणं होत नाही हो. आमच्या लग्नाला पण होय यांच्या बाबांनीच सांगितलं होतं."

लोणीत अण्णांनी कोंबड्या हाकलल्या. वहिनींनी शेडच्या दारातूनच सांगितलं, "ही घेतली." साहेबांनी तोंड उघडलं. वहिनी म्हणाल्या, "तत्त्वतः नाही. घेतली." आणि माझ्या आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून आत उतरल्या. डोक्याला एक रुमाल बांधला. साधा, पांढरा, बहुधा इस्पितळातल्या दिवसांपासून कपाटात पडलेला असावा. साहेबांनी तो पाहिला आणि त्यांना चावी लावायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

गाडी सुरू झाली. मी मागून निघालो. हडपसरपर्यंत सगळं ठीक होतं. मुंढव्याच्या पुलाच्या चढावर हिरव्या नाकातून वाफ आली, गाडी हळू झाली आणि पुलाच्या बरोबर मध्यावर थांबली. ज्याने हयातभर पुलांना थांबवून ठेवलं, त्याला एका पुलाने थांबवलं, असं मी मनात म्हटलं आणि मग मला स्वतःचाच राग आला, कारण साहेब स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले होते.

"मी म्हटलं होतं, पुन्हा पाहू," ते म्हणत होते. "तुला त्रास झाला."

"अजून कुठं झाला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तोंड वर करा. लोक पाहून राहिले."

गाड्या उचलून नेणारा सपाट ट्रक आला. त्याच्या ड्रायव्हरने आत वाकून पाहिलं. "मावशी, उतरा खाली. माणसं बसवून गाडी चढवत नसतोय आम्ही."

"उतरता येत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं, बाळा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मागे मुंढव्यापासूनची वाहतूक तुंबली होती आणि पुणेकर हॉर्नच्या भाषेत मत देत होते. त्याने कपाळाला हात लावला, साखळी जोडली आणि वरचं बटण दाबलं. हिरवी गाडी, आत दोघं बसलेली, पुढे सरकत, तिरकी होत, ट्रकच्या पाठीवर चढली. चाकं पट्ट्यांनी बांधली. ट्रक निघाला.

मी मागे होतो. वहिनींचा रुमाल वाऱ्यावर उडत होता. गाडी आता बसपेक्षा उंच होती. धूर सगळा खाली राहत होता. गतिरोधक आले आणि गेले, घासलं काहीच नाही. पुढच्या पुलावर वहिनींनी हाताने काहीतरी दाखवलं आणि साहेब हसले. मी त्यांना एवढं मोठं हसताना पाहिलं नव्हतं. सिग्नलला माझी गाडी ट्रकच्या शेजारी आली. मी काच खाली केली.

"कसं काय, वहिनी?"

"आरामात आहे हो," त्या वरून म्हणाल्या.

"साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "मान्य," ते म्हणाले.

सिग्नल सुटला. ट्रक गॅरेजकडे वळला आणि मी सरळ गेलो. ऑपरेशन नागपुरात, तिथल्या त्यांच्या मुलीकडे राहून झालं. दोघं तिथेच राहिले. वहिनींचा फोन येतो. गुडघे उत्तम आहेत, मुलीने नवी उंच खुर्ची घेतली आहे आणि तिच्या पायांना साहेबांनी हात लावायचा नाही असं ठरलं आहे. हिरवी गाडी आमच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहे.

त्या दिवशी मला ते दोघं शेवटचे दिसले ते वळणावर. वळण आलं तसं साहेबांनी आरशात पाहिलं, डावीकडे वळायचा हात दाखवला आणि सावकाश, काळजीपूर्वक स्टिअरिंग फिरवलं.

ट्रक उजवीकडे वळला.